नऊ जणांच्या टेबलावरचे दाजी

आमचे रंगनाथदाजी कुणाकडंही गेले की उंबऱ्याबाहेर थांबून आधी विचारायचे, "किती जण हायेत घरात?"

नवख्या घरातल्या बाईला वाटायचं, काय समजूतदार पाहुणा आहे, स्वयंपाकाची पंचाईत होऊ नये म्हणून विचारतोय. तिला तसं वाटू देणं दाजींच्या सोयीचंच असायचं. खरं म्हणजे त्यांना टेबल बघायचं असायचं. आत आठ-दहा माणसं असली तर दाजी भिंतीला पाठ लावून बसत आणि तासभर हूं की चूं करत नसत. पाच-सहा असली तर जरा पुढं सरकून बसत, अधूनमधून एखादं वाक्य टाकत. आणि घरात एकच माणूस असला, तर दाजींना हटकून कुठलं तरी काम आठवायचं. "येतो मग सावकाश," म्हणून ते उंबऱ्यावरूनच परत फिरत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल चार गंभीर शब्द बोलावेत असा मी दोन-तीनदा प्रयत्न केला. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळं गंभीर शब्दांचा साठा आहे माझ्याकडं. पण दाजींचं नाव काढलं की ऐकणारे आधीच हसायला लागतात, आणि मग मलाही राहवत नाही.

गंगाखेडच्या बसस्थानकावर दाजींनी वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली. खिडकीमागं बसून माईकवरून गाड्या पुकारायच्या. तो आवाज निवृत्तीनंतरही त्यांच्या घशातून उतरला नाही. चहाला उशीर झाला की बैठकीतून पुकारा व्हायचा, "स्वयंपाकघरातून सुटणारा चहा अजून फलाटावर लागलेला नाही." आतून आक्काचं उत्तर यायचं, "दूध फाटलंय, गाडी रद्द." गाडी रद्द झाली की नियंत्रकानं वाद घालायचा नसतो.

निवृत्तीबरोबर माईक सुटला आणि हातात मोबाईल आला. कुठल्याशा जाहिरातीवर बोट पडलं आणि पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ उघडला. पैसे लावायचे नाहीत, एवढी एकच अट आक्कानं घातली होती, आणि दाजींनी ती कधी मोडली नाही. फुकटच्या चिप्सवर, म्हणजे पैशाऐवजी मिळणाऱ्या खोट्या नाण्यांवर, जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांबरोबर ते खेळायचे. पुढं सरकारनं पैशाचे खेळ बंद केले तेव्हा गल्लीतले लोक काळजीनं विचारायला आले. दाजी शांतपणे म्हणाले, "आपलं दुकानच बिनपैशाचं. त्याला काय कुलूप घालणार?"

हा खेळ त्यांनी मला पुष्कळदा समजावून सांगितला. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, बाकीचे सगळ्यांसाठी मध्ये उघडतात. ज्याला आपलं पान बरं वाटेल त्यानं चिप्स लावायचे, ज्याला नाही त्यानं पत्ते टाकून मोकळं व्हायचं. मला वाटलं, एवढं कळलं म्हणजे झालं. दाजी माझ्याकडं दयेनं बघत म्हणाले, "दिगूराव, पत्ते काय, कुणालाबी येतेत. आधी टेबल निवडता आलं पायजे. नऊ जणांचं टेबल म्हणजे भरलेली एसटी. आपुन मागच्या सीटवर गप बसावं. पुढं भांडणं व्हतेत, होऊ द्यावीत. आपलं गाव आलं की उतरावं. सहाचं टेबल म्हणजे काळीपिवळी जीप. मांडीला मांडी लागलेली, थोडं तरी बोलावंच लागतंय."

"आणि दोघांचं?"

"ती फटफटी. पुढच्यानं ब्रेक मारला की आपुन त्याच्या पाठीवर. आपल्याला जमत न्हाई ते."

त्यातलं गणित असं होतं, की पत्ते बघायच्या आधीच काही चिप्स सक्तीनं मांडावे लागतात, आणि ते पाळीपाळीनं. नऊ जण असले की आपली पाळी उशिरा येते, त्यामुळं वाट बघणं स्वस्त पडतं. दोघंच असले की दर डावाला खिसा हलका. तिथं गप बसणाऱ्याचं हळूहळू सगळं जातं. "वाट बघायची तर गर्दीत बघावी," असं दाजी म्हणायचे, आणि वर पुस्ती जोडायचे, "पत्ते टाकल्यानं माणूस मरत न्हाई."

मीही एकदा त्यांच्या देखरेखीखाली नऊ जणांच्या टेबलावर बसलो. मला दर डावाला आपलं पान बरंच वाटायचं. पुढ्यातला चहा निवायच्या आत माझे चिप्स संपले. दाजींनी माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि म्हणाले, "बारशाला आल्यासारखं खेळायलाव तुमी. दिसंल त्याला पेढा."

त्यांच्या शास्त्राची थट्टा करणं सोपं आहे, पण ते लागू पडायचं. गल्लीत एकच दिवा मंजूर झाला आणि तो कुठं लावायचा यावर बैठक बसली. घरं नऊ, म्हणजे टेबल दाजींच्या पसंतीचं. प्रत्येकाला दिवा आपल्या दारात हवा होता. कुणी म्हातारी आई पुढं केली, कुणी लेकीची शिकवणी, कुणी दारातला खड्डा. दाजी भिंतीला टेकून बसले होते. शेवटी आवाज चढले, दोघांनी तर एकमेकांचं पाणीही पिणार नाही असं जाहीर केलं. सगळे थकल्यावर दाजी उसासा टाकून म्हणाले, "असं करा. कुणालाच नको. माझ्या दारात लावून टाका. किडे होतेत, पण बघतो मी सोसून." लोकांनी त्यांचे आभार मानले. एकानं तर हात जोडले.

आक्काला मात्र या कीर्तीचं कौतुक नव्हतं. ती मला म्हणायची, "नऊ जणात तुझे दाजी वाघ हायेत. मी एकटी समोर बसले की यांचे पत्ते खाली. परवा विचारलं, आमटीत मीठ कसं झालंय? तर मलाच विचारतेत, तुला कसं वाटतंय?"

हसण्यावारी नेता येईल अशीच ही सवय होती. पण या सवयीपायी दाजींनी आपला थोरला भाऊ गमावला होता.

हे थोरले भाऊ, लिंबाजीदादा, झरीला शेती करतात. त्यांच्या मुलाचं लग्न होतं. दाजी पांढराशुभ्र शर्ट घालून, केस नीट बसवून मांडवात बसलेले. आमच्याकडं लग्नात मानाच्या माणसांना माईकवरून पुकारतात आणि फेटे बांधतात. सरपंचांचा फेटा झाला. नवरीकडच्या पाहुण्यांचे झाले. दाजींच्या स्थानकावर येणारा एक ड्रायव्हर होता, त्याचाही झाला. आयुष्यभर माईकवरून लोकांच्या गाड्या पुकारलेला हा माणूस आपलं नाव कधी येतंय म्हणून कान देऊन बसला होता. ते काही आलं नाही. माईक बंद झाला. दाजींनी कुणाला काही विचारलं नाही, भांडण काढलं नाही. पंगतीत न बसता रस्त्यावर आले आणि मिळाली ती बस धरून गंगाखेडला परतले. त्यानंतर बरीच वर्षं ते झरीला गेले नाहीत. दादांचे निरोप आले, तेव्हा "तब्येत बरी न्हाई" असं कळवलं. खरं कारण आक्काला ठाऊक होतं, तिच्याकडून मला. ज्याला सांगायचं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

हे सगळं असंच चाललंही असतं. पण मनीषाची सोयरीक निघाली.

मनीषा दाजींची एकुलती एक लेक. परभणीला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. तिथंच हिशेब बघणारा पालमचा एक मुलगा तिला आवडला होता, त्याला ती. तिनं आईला सरळ सांगितलं, "करीन तर ह्याच्याशीच." मुलगा बरा होता, घर बरं होतं, जातपात, नातं, काही आडवं येत नव्हतं. दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून बोलायचं तेवढं बाकी होतं. इथं दाजींनी शास्त्र काढलं.

"सहाचं टेबल घेऊ," ते म्हणाले. "त्यांचे तीन, आपले तीन. गर्दी झाली की मागण्या निघतेत, मानपान निघतेत. सहा जणात गोष्ट लवकर उरकती."

आक्का म्हणाली, "आन् झरीचे दादा?"

"ते सातवे होतेत."

आक्का वाद घालायला पदर खोचून उभी राहिली. पण दाजींनी पालमला फोन करून तिघंच या असं सांगून टाकलंसुद्धा.

रविवारी पालमहून तिघं आले. मुलाचे वडील, चुलते आणि मामा. आमच्याकडून दाजी, मी आणि शेजारचे एक निवृत्त मास्तर. मास्तरांना आपण कशासाठी आलोय हे शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं, ते पोहे छान झालेत एवढंच म्हणत होते. ऊस, पाऊस, गाड्यांची वेळ, सगळं बोलून झालं. मग मुलाच्या वडिलांनी खोलीभर नजर फिरवली.

"मुलीचे थोरले चुलते दिसंनात?"

"हायेत की," दाजी म्हणाले. "झरीला असतेत."

"येणार हायेत ना?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर पोह्यांकडं पाहत होते.

"येतील की," दाजी म्हणाले. "पुढच्या खेपेला."

मुलाच्या वडिलांनी कप बशीत ठेवला. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. "मग पुढच्या खेपेलाच बोलू की आपुन. थोरल्याला सोडून सोयरीक ठरवली तर उद्या लोक इचारतील, पोरीच्या घरात काय भानगड हाय. येत्या रविवारी बसू. ते आले तर बोलू. न्हाई आले तर..." पुढचं त्यांनी हात जोडून सांगितलं.

ते गेल्यावर मनीषा आतून आली. रडेल असं मला वाटलं होतं. ती रिकाम्या बश्या एकात एक घालत म्हणाली, "बाबा, तुमचे पत्ते टाकून झाले असतील तर माझं कायतरी बघा. मी दुसरं पोरगं बघणार न्हाई. आन् हे लोक दादाकाकांशिवाय यायचे न्हाईत."

दाजींनी आपल्या हातातली बशी तिच्याकडं दिली. मग म्हणाले, "दिगूराव, झरीला येता का माझ्याबरोबर? तिघं झालो तर बरं."

माझ्या स्कूटरवर आम्ही गेलो. मागं बसलेल्या दाजींचं वजन एरवीपेक्षा जास्त लागत होतं.

लिंबाजीदादा अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. दाजींना पाहून त्यांनी हात थांबवला नाही. "ये," म्हणाले. वहिनींनी पाणी आणलं. दाजींनी मला बाजेवर बसण्याची खूण केली, पण वहिनी म्हणाल्या, "तुमी इकडं सावलीत बसा भाऊ," आणि मला ओसरीवर नेऊन बसवलं. तिसरा माणूस गेला. बाजेवर दोघंच राहिले.

"तूर बरी हाय," दाजी म्हणाले.

"बरी हाय."

"पाणी?"

"हाय."

दाजी घाबरले की त्यांचा हात खिशाकडं जायचा, तसा गेला. मोबाईल निघाला.

"काय करायलास त्याच्यात?" दादांनी विचारलं.

दाजींचा जीव भांड्यात पडला. विचारलं म्हणून त्यांनी पोकर सांगायला सुरुवात केली. एसटी, काळीपिवळी, फटफटी, सगळं आलं. दादा ऐकत होते. ऐकून म्हणाले, "मग मांड की. आपुन दोघंच हाव."

माझा मोबाईल मागितला गेला. मी दोघांचं टेबल उघडून दिलं आणि एक फोन दादांच्या हातात ठेवला. दाजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच त्यांना फटफटीवर बसवलं होतं.

"हे लांबडं बटण कशाचं?" दादा.

"सगळेच्या सगळे चिप्स लावायचं. पण ते कवातरीच दाबायचं असतंय, आधी आपले पत्ते..."

दादांनी दाबलं होतं. दाजींनी स्वतःचे पत्ते बघितले, विचार केला आणि टाकले. दुसरा डाव आला. दादांनी पुन्हा तेच बटण दाबलं. दाजींनी टाकले. तिसऱ्या डावालाही तेच. दादा एका हातानं शेंग सोलत होते, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबत होते. चष्मा कपाळावर होता.

"दादा, पत्ते तरी बघा!"

"बघून काय करू? तू टाकणारच हायस."

ओसरीवर वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. दाजी हसले नाहीत. त्यांचे चिप्स डावामागून डाव सरकत चालले होते.

दादा शेंगांकडं बघतच म्हणाले, "लहानपणापासनं तसाच हायस. आईनं मारलं तरी का मारलं म्हणून इचारायचा न्हाईस, जाऊन गोठ्यात बसायचास. पोराच्या लग्नातनं तसाच उठून गेलास. मी तुझा फेटा हातात घेऊन मांडवभर फिरलो. लोकांना इचारलं, आमचा रंगनाथ बघितला का? पंगत खोळंबली. का गेलास रे?"

दाजी खाली बघत म्हणाले, "माईकवरनं... नाव घेतलं न्हाई माझं."

दादांनी पहिल्यांदाच शेंग खाली ठेवली. "घरच्या माणसाला माईकवरनं बोलवतेत व्हय? माईक पाव्हण्यांसाठी असतो. तुला मी माझ्या हातानं बांधणार होतो, घरात, सगळे झाल्यावर. एवढं कळंना तुला? स्टँडवर एवढी वर्षं काय पुकारलंस?"

मोबाईलवर नवे पत्ते आले होते आणि दाजींची वेळ संपत चालल्याची टिकटिक ऐकू येत होती. दादांचं सगळं लावून झालेलं होतं. दाजींनी पत्ते पाहिलेच नाहीत. फोन बाजेवर पालथा घातला.

"दादा, मनीची सोयरीक अडकलीय," ते म्हणाले. "तुमी आल्याबिगर पालमवाले बोलणार न्हाईत. मी तुमाला बोलवलं न्हाई, ते माझं चुकलं. लग्नातनं गेलो तेबी चुकलं. या तुमी. न्हाई म्हणलात तर मी पोरीला तोंड दाखवू शकणार न्हाई."

त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं सलग मी कधी ऐकली नव्हती. बोलून झाल्यावर ते दादांच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि पहिल्यांदाच त्यांनी मदतीला मला शोधलं नाही.

दादांनी शेंग उचलली. "कवा हाय?"

"रविवारी."

"किती वाजता?"

"अकराला."

"मग आता जेवून जा," दादा म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी मोबाईलकडं बोट केलं. "आन् ह्याच्यात कोण जिंकलं?"

"तुमीच."

"न बघता?"

"न बघता, दादा."

"मग लोक कशाला बघत बसतेत?" असं म्हणून दादा हात धुवायला उठले.

सोयरिकीच्या त्या रविवारनंतर लग्नाच्या धावपळीत मला दाजी नीट भेटलेच नाहीत, आणि उन्हाळ्यात निरोप आला तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. त्यामुळं माझ्यापाशी दाजी उरलेत ते त्या रविवारचे.

अकराच्या आधीच झरीहून तीन जीपा आल्या. दादांनी भावकी आणली होती, सोसायटीचे चेअरमन आणले होते, दोन म्हाताऱ्या आत्या आणल्या होत्या. पालमवाल्यांनाही कुणीतरी कळवलं असावं, तेही भरलेल्या गाडीनं आले. बैठकीच्या खोलीत माणूस मावेना. दादा मधोमध, मुलाच्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसले. प्रत्येक नव्या माणसाला जागा देता देता दाजी भिंतीपासून दाराकडं सरकले, दारातून उंबऱ्यावर, आणि शेवटी बाहेर पायरीवर चपलांच्या ढिगाजवळ येऊन उभे राहिले. पाहुण्यांसाठी भरलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात तसाच होता. मी दाराच्या चौकटीत अडकलो होतो, मला आतलं अर्धं दिसत होतं. त्यांना फक्त पाठी दिसत होत्या.

"काय चाललंय आत?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"दादा मनीषाची तारीफ करायलेत."

"काय म्हणायलेत?"

"म्हणायलेत, पोरगी लय धीट हाय, बापावर गेलेली न्हाई."

"बरोबर हाय," दाजी म्हणाले. टाचा उचलून आत बघायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या पुढ्यात चेअरमन उभे होते आणि चेअरमन रुंद होते.

मग आत एकदम शांतता झाली. अडकित्त्याचा आवाज आला, पाठोपाठ बायकांचा गलका.

"फुटली का?" दाजींनी माझी बाही धरली. "दिगूराव, सुपारी फुटली का?"

"फुटली."

दाजींनी बाही सोडली. एकदा माझ्याकडं, एकदा त्या पाठींच्या भिंतीकडं पाहिलं, आणि हातातला तांब्या तोंडाला लावून उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं. आत कुणीतरी केव्हापासून पाणी मागत होतं.